तळ्यावर ट्रक उभा राहण्याआधी

जानेवारीच्या मध्यावर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्स तळ्यावर गेलात, तर किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत वस्ती दिसते. रंगीत खोपटी, त्यांच्या छपरांतून निघणारा धूर, दाराशी उभे पिकअप ट्रक. बर्फ लोटून काढलेले रस्ते, आणि जिथे तडा गेला आहे तिथे टाकलेला छोटासा पूल. हे रस्ते काठावरचे रिसॉर्टवाले राखतात आणि त्याचे पैसे घेतात. खोपटात एक माणूस खुर्चीवर बसून जमिनीतल्या भोकात गळ सोडून बसलेला असतो. ‘जमिनी’खाली पाणी असते, आणि त्या पाण्यात भूक लागलेला जिवंत मासा असतो.

मिनीआपोलिस-सेंट पॉल भागात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना इकडून व्हिडिओ कॉलवर हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “अहो, गाडी बुडत नाही का?” प्रश्न भाबडा वाटला तरी नेमका आहे. बुडते. दर हिवाळ्यात काही गाड्या बुडतात, माणसेही बुडतात. ज्यांची बुडत नाही त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून काही गोष्टी पाहिलेल्या, मोजलेल्या आणि दुरुस्त केलेल्या असतात. या तयारीत खरेदीचा भाग दिसतो मोठा, पण तिचा गाभा बर्फ कसा धरतो आणि कसा दगा देतो हे समजण्यात आहे.

वरून खाली गोठणारे तळे

बहुतेक पदार्थ गार होताना आकसतात आणि जड होतात. पाणीही तसेच वागते, पण फक्त 4 अंश सेल्सिअसपर्यंत. त्याखाली गेले की ते पुन्हा किंचित प्रसरण पावू लागते आणि हलके होते. मिनेसोटातल्या 4 हेक्टरांहून मोठ्या सुमारे 11,800 तळ्यांचे हिवाळ्यातले सारे गणित या एका विचित्र वागण्यावर उभे आहे.

शरद ऋतूत पृष्ठभागावरचे पाणी गार होते, जड होऊन तळाशी जाते, तळाचे पाणी वर येते. वाऱ्याच्या मदतीने तळे असे ढवळले जात राहते आणि वरपासून खालपर्यंत सगळे पाणी 4 अंशांच्या आसपास येते. हे होईपर्यंत बर्फ धरत नाही. म्हणूनच खोल तळी उशिरा गोठतात आणि उथळ तळी लवकर. राज्याच्या उत्तरेला असलेले अप्पर रेड लेक जेमतेम पाच मीटर खोल आहे, म्हणून हंगामाची सुरुवात करायला उतावळे झालेले लोक आधी तिकडे धावतात.

सगळे पाणी 4 अंशांवर आले की चित्र पालटते. आता वरचा थर आणखी गार झाला तरी खाली जात नाही, कारण तो हलका झालेला असतो. तो तिथेच थांबतो, शून्यावर येतो आणि एखाद्या निवांत, निरभ्र रात्री गोठतो. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे 92 टक्के, त्यामुळे तो तरंगतो. तळाशी 4 अंशांचे पाणी राहते आणि मासे तिथे हिवाळा काढतात. पाणी इतर द्रवांसारखे वागले असते तर तळी बुडापासून गोठत वर आली असती आणि गळाला लागायला काही उरलेच नसते.

बर्फाची गोधडी

नवशिक्यांचा हिशेब असा असतो: आठवड्यात 10 सेंटिमीटर बर्फ धरला, म्हणजे दोन आठवड्यांत 20. तो चुकतो. ऑस्ट्रियातले भौतिकशास्त्रज्ञ योसेफ स्टेफान यांनी 1891 मध्ये ध्रुवीय मोहिमांतल्या नोंदी तपासून बर्फाच्या वाढीचे सूत्र मांडले. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव उष्णतेच्या प्रारणाच्या नियमामुळे ठाऊक असते. बर्फाबद्दलचे त्यांचे म्हणणे असे, की जाडी ही साठत गेलेल्या थंडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. थंडी तितकीच राहिली आणि पहिले 10 सेंटिमीटर पाच दिवसांत जमले, तर 20 सेंटिमीटर व्हायला एकूण 20 दिवस लागतील.

कारण सोपे आहे. बर्फ वरून वाढत नाही, खालून वाढतो. खालच्या पाण्याला गोठायचे तर त्याने आपली उष्णता वरच्या हवेला द्यायला हवी आणि वाटेत आधीच धरलेला बर्फ आडवा येतो. तळे थंडीत स्वतःच्याच अंगावर गोधडी शिवत बसते. जितकी ती जाड, तितकी आतली ऊब कमी निसटते आणि पुढचा टाका घालायला जास्त वेळ लागतो.

त्यावर हिमवर्षाव झाला तर गोधडीवर दुलईच पडते. भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते आणि ते बर्फापेक्षा कित्येक पटींनी उत्तम ऊबरोधक असते. त्यामुळे पातळ बर्फावर पडलेले जाड हिम ही मासेमाराच्या दृष्टीने वाईट बातमी. एक तर खालची वाढ मंदावते, आणि दुसरे, हिमाच्या वजनाने बर्फाचा थर खाली दाबला जातो. थराचा जेमतेम एक दशांश भागच पाण्याच्या वर असतो. तेवढा दबला की फटींतून पाणी वर चढते, हिमात मिसळते आणि चिखलासारखा राडा होतो. वरून शुभ्र, सपाट दिसणाऱ्या मैदानात पाय घोट्यापर्यंत रुततो तो यामुळे. हा राडा पुढे गोठला की पांढरा बर्फ तयार होतो. त्यात हवेचे बुडबुडे असतात आणि तो कमजोर असतो.

म्हणून जाणकार नोव्हेंबरपासून रोज दोन गोष्टींवर लक्ष ठेवतात: दिवस-रात्रीचे सरासरी तापमान शून्याखाली किती गेले, आणि हिम पडले ते बर्फ धरण्याआधी की नंतर.

जाडी, रंग आणि पहार

बर्फाची वजन पेलायची ताकदही जाडीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, पण इथे गणित आपल्या बाजूचे आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले लॉर्न गोल्ड यांनी बर्फावरून गेलेल्या आणि बर्फ फोडून बुडालेल्या वाहनांच्या नोंदी गोळा करून एक सूत्र काढले. त्यानुसार पेलवणारे वजन जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते. जाडी दुप्पट, तर ताकद चौपट. 10 सेंटिमीटर चांगल्या बर्फावर माणूस निर्धास्त चालतो, पण त्याच्या अडीचपट जाडीवर मोटार उभी राहते ती यामुळेच.

---

चौकट: किती बर्फावर काय?

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाची मार्गदर्शक मोजमापे, नव्या व पारदर्शक बर्फासाठी:

पायी चालणे: 4 इंच (10 सेंमी)
स्नोमोबाईल किंवा छोटी एटीव्ही: 5 ते 7 इंच (13 ते 18 सेंमी)
छोटी मोटार: 9 ते 10 इंच (23 ते 25 सेंमी)
मध्यम एसयूव्ही: 11 ते 12 इंच (28 ते 30 सेंमी)
मध्यम पिकअप ट्रक: 13 इंच (33 सेंमी)
अवजड ट्रक: 16 ते 17 इंच (41 ते 43 सेंमी)

बर्फ पांढरा असेल तर हे आकडे दुप्पट धरावेत. जाडी दर 45 मीटरवर पुन्हा मोजावी.

---

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. एकाच तळ्यावर एका जागी 25 सेंटिमीटर आणि हाकेच्या अंतरावर पाच, असे सहज होते. ओढा येऊन मिळतो ती जागा, तळातला झरा, दोन तळ्यांना जोडणारा अरुंद पट्टा, बदकांचा थवा रात्रभर पोहत राहिल्याने उशिरा गोठलेले पाणी: या साऱ्या ठिकाणी बर्फ पातळ असतो आणि वरून तसे काही दिसत नाही.

त्यासाठी पहिले हत्यार म्हणजे पहार. दीड मीटरची, टोकाला छिन्नीसारखी धार असलेली. हंगामाच्या सुरुवातीला बर्फावर जाणारा माणूस पाऊल टाकण्याआधी पुढच्या जागी पहारेचे दोन-तीन जोरदार घाव घालतो. भक्कम बर्फावर घाव टणक लागतो आणि पांढरा ओरखडा उठतो. पहार आरपार गेली, पाणी वर आले किंवा आवाज बद्द निघाला, की आल्या पावली मागे फिरायचे. पारदर्शक बर्फातून खालचे काळे पाणी दिसते म्हणून तो पाहून धडकी भरते, पण सर्वांत मजबूत बर्फ तोच. दिसायला भरवशाचा वाटणारा पांढरा बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा.

जाडी पुरेशी असूनही घात होऊ शकतो. 2023-24 चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. त्या डिसेंबरच्या अखेरीस अप्पर रेड लेकवर बर्फाचा एक प्रचंड तुकडा मुख्य बर्फापासून सुटला, मध्ये पाण्याचा पट्टा तयार झाला आणि शंभराहून अधिक लोक पलीकडे अडकले. सगळे सुखरूप काढता आले. मोठ्या तळ्यावर बर्फ काठाला चहूबाजूंनी घट्ट धरलेला नसेल, तर वारा त्याला ढकलू शकतो. त्यामुळे तयारीच्या यादीत वाऱ्याचा अंदाजही येतो.

गाडी हळू का?

बर्फावर गाडी हळू चालवा, अशा सूचना दिलेल्या असतात. घसरण्याची भीती हे त्याचे एक कारण. दुसरे बर्फाच्या खाली असते.

गाडीच्या वजनाने बर्फाचा थर किंचित वाकतो आणि खालचे पाणी बाजूला सरते. गाडी पुढे निघाली की हा खळगाही तिच्याबरोबर सरकतो आणि पाण्यात लाट उठते. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग खोलीवर ठरतो: 10 मीटर पाण्यात ताशी सुमारे 36 किलोमीटर, 2 मीटरमध्ये ताशी 16 च्या आसपास. गाडीचा वेग आणि लाटेचा वेग जुळले, तर लाट मागे पडत नाही. ती गाडीखालीच वाढत जाते आणि बर्फ त्याच्या पेलण्यापलीकडे वाकतो. लेनिनग्राडच्या वेढ्यात 1941 च्या नोव्हेंबरपासून लाडोगा सरोवराच्या बर्फावरून ट्रकांनी रसद नेली जात होती, तेव्हा सोव्हिएत शास्त्रज्ञांनी बर्फाचे हेलकावे मोजणारे उपकरण बनवून नेमका हाच धोका शोधला होता. त्यांच्या मोजणीत घातक ठरलेला वेग होता ताशी सुमारे 35 किलोमीटर.

काठाजवळ पाणी उथळ होते, लाट काठावर आपटून परतते आणि धोकादायक वेगही बराच खाली येतो. म्हणून बर्फावर चढताना आणि उतरताना गाडी अगदी रांगत न्यायची. आणि वजन एकाच जागी एकवटू नये म्हणून दोन गाड्या शेजारी-शेजारी लावायच्या नाहीत.

गारठलेल्या माशाची भूक

माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याइतकेच गार असते. 4 अंशांच्या पाण्यात त्याच्या शरीरातल्या सगळ्या क्रिया मंदावतात, पचन रेंगाळते. उन्हाळ्यात आमिषावर झडप घालणारा मासा आता त्याच्याकडे बघत राहतो, जवळ येतो, तोंडात घेतो आणि नको वाटले तर थुंकतो. गळाला बसणारा झटका इतका हलका असतो की जाड काठीवर तो कळतही नाही. म्हणून हिवाळी सामान सगळे लहान आणि नाजूक. काठी दोन-तीन फुटांची, टोकाला लवचीक. तंगूस बारीक. आमिष म्हणजे एखादी अळी किंवा बोटाएवढा मासा. वजनासाठी शिशाऐवजी टंगस्टनचा मणी पसंत करतात, कारण टंगस्टन शिशाच्या जवळपास पावणेदोन पट जड. तेवढ्याच वजनाचा मणी बराच लहान होतो आणि झरझर खाली जातो.

मिनेसोटाचा सर्वांत लाडका मासा वॉलआय. त्याच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला आपल्या भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. तो सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला चरायला निघतो. ज्यांना वॉलआय हवा त्यांची भोके त्याआधीच पाडून झालेली असतात, कारण ऐन वेळी गिरमिट चालवले तर उथळ पाण्यातला मासा बिथरतो.

भोक पाडायचे गिरमिट सुताराच्याच जातीचे, पण पुरुषभर उंचीचे आणि साधारण 20 सेंटिमीटर रुंद. हाताने फिरवायचे, पेट्रोलवर किंवा बॅटरीवर चालणारे. त्याच्या पात्याची धार हंगामाआधी पाहावीच लागते. धारदार पाते बर्फाचे कीस काढत आपोआप खाली उतरते. बोथट पाते नुसते घासते आणि भोवती चिकट भुगा जमवते. भोक पडले की त्यातला कीस झाऱ्याने उपसायचा. हा झारा जिलबीच्या झाऱ्याचा थोरला भाऊच, आणि दर काही मिनिटांनी लागतो, कारण भोकातले पाणी लगेच पुन्हा साय धरू लागते.

माशांचा शोध मात्र आता डोळ्यांनी होत नाही. 1980 मध्ये डेव्ह गेन्झ या मिनेसोटाच्याच मासेमाराने घसरगाडीवर बसवलेला, क्षणात उघडणारा तंबू बनवला आणि ‘एका जागी बसून राहा’ ही जुनी रीत मोडली. भोक पाडा, सोनार सोडा, मासा नसेल तर पुढच्या भोकावर जा, ही पद्धत त्यांनी रुजवली. सोनार म्हणजे पाण्यात ध्वनीचा ठोका सोडून प्रतिध्वनी टिपणारे यंत्र. गार पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,400 मीटर जातो. प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला यावरून तळ, आमिष आणि मासा वेगवेगळ्या खोलीवर दिसतात. बर्फ पारदर्शक असेल तर भोक पाडायचीही गरज नसते. बर्फावर थोडे पाणी ओतायचे, सोनारचा डोळा त्यात टेकवायचा आणि खोली वाचायची. पांढऱ्या बर्फात हे जमत नाही, कारण आतले बुडबुडे आवाज विखरून टाकतात.

उथळ तळ्यांत आणखी एक अडचण असते. जाड हिमाखाली उजेड पोचत नाही, पाणवनस्पती प्राणवायू बनवायच्या थांबतात, कुजणारी पाने मात्र तो खात राहतात. काही तळ्यांत त्यामुळे हिवाळ्याअखेर मासे घाऊक मरतात. ते टाळायला पाण्यात पंपाने हवा सोडली जाते. मासे वाचतात, पण पंपाभोवतीचे पाणी उघडे राहते आणि पलीकडचा बर्फ पातळ. अशा तळ्यांवर धोक्याच्या पाट्या लावणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या तळ्यावर असा पंप चालतो का, हे घरून निघण्याआधीच पाहून ठेवावे.

बॅटरी, शेगडी आणि गळ्यातले टोचे

गिरमिट असो वा सोनार, आता बरेच काही लिथियम बॅटरीवर चालते. थंडीत या बॅटरीतून वीज कमी मिळते, पण तेवढ्याने ती बिघडत नाही. बिघडते ती गोठलेल्या अवस्थेत चार्ज केल्याने: शून्याखाली लिथियमचे कण विद्युतअग्रात नीट शिरत नाहीत, त्याच्या पृष्ठभागावर धातूचा थर जमतो आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. म्हणून रात्री बॅटऱ्या घरात घ्यायच्या, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायच्या आणि मगच चार्जरला लावायच्या. तंगूस गुंडाळायच्या रिळातले जाड ग्रीसही थंडीत मेणासारखे घट्ट होते. ते पुसून हलके तेल घालणे हेही डिसेंबरआधीचे काम.

बंद खोपटातली गॅसची शेगडी हा पाण्याइतकाच मोठा धोका. हवा पुरेशी नसेल तर गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. वास नाही, रंग नाही. डोके दुखते, झोप येते आणि थंडीमुळेच येत असेल असे वाटते. खोपटाला वर आणि खाली झरोका, आणि हा वायू ओळखणारा छोटा भोंगा, हे दोन्ही हवेच. भोंग्याच्या बॅटरीची तपासणी बहुतेकांकडून राहून जाते.

आणि पाण्यात पडलेच तर? कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीस्ब्रेख्त यांनी स्वतः बर्फगार पाण्यात उतरून यावर अभ्यास केला. त्यांनी सांगितलेले गणित 1-10-1 असे आहे. पहिले एक मिनिट श्वास सावरण्याचे: थंडीच्या धक्क्याने माणूस धापा टाकतो आणि तेव्हाच पाणी छातीत जाते. पुढची दहा मिनिटे हातपाय कह्यात असतात. शरीर गारठून शुद्ध हरपायला मात्र सुमारे एक तास लागतो. म्हणजे मृत्यू थंडीने ताबडतोब येत नाही. घाबरल्याने येतो, किंवा बोटे निकामी झाल्याने.

त्या दहा मिनिटांसाठी गळ्यात टोच्यांची जोडी अडकवलेली असते: दोन मुठी, प्रत्येकीला एक खिळा. ओला बर्फ हाताला धरवत नाही. त्यात टोचे रोवायचे, पाय पोहल्यासारखे जोरात मारून अंग आडवे करायचे आणि वर सरकायचे. वर आल्यावर उठून उभे राहायचे नाही. ज्या दिशेने आलो त्याच दिशेने लोळत जायचे, कारण तिकडच्या बर्फाने आपले वजन एकदा पेललेले असते. टोचे पिशवीत ठेवले तर त्यांचा काही उपयोग नाही. तरंगणारा सूट अंगात असेल तर डोके आपोआप वर राहते. खरेदीला पैसे थोडे असतील तर सोनारआधी तो घ्यावा.

मार्चमधला बर्फ

तयारीचा एक भाग परतीचा असतो आणि तो हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवावा लागतो. मिनेसोटात रात्रभर बेवारस सोडलेली खोपटी मार्चच्या सुरुवातीला, आणि उत्तर भागात त्यानंतर दोन आठवड्यांनी, तळ्यावरून हलवावी लागतात. खोपट जानेवारीतल्या राड्यात गोठून बसले असेल तर ते सोडवायला पहारी आणि अख्खा दिवस लागतो. म्हणून शहाणे लोक ते पहिल्या दिवशीच लाकडी ठोकळ्यांवर ठेवतात. कचरा आणि मैला बर्फावर सोडण्यावर राज्यात 2023 पासून खास कायद्याने बंदी आहे. सोडला तर तो वसंतात गुपचूप तळ्यात जातो.

तारखा ठरवल्या गेल्या त्यामागे कारण आहे. मार्चमध्ये ऊन चढू लागते आणि बर्फ आतून सडतो. तळ्याचा बर्फ उभ्या स्फटिकांचा बनलेला असतो. ऊन या स्फटिकांमधले सांधे आधी वितळवते आणि थराचे रूपांतर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या बर्फाच्या कांड्यांत होते. जाडी मोजली तर अजून दोन फूट भरते, पण कांड्यांना एकमेकांचा आधार उरलेला नसतो. पहार मारली तर चिरा न पडता लांब सुळके सुटून निघतात आणि खळकन वाजतात. या दिवसांत चौकटीतले आकडे लागू पडत नाहीत. पहाटे रात्रीच्या थंडीने सांधे पुन्हा धरलेले असतात आणि बर्फ तोलून धरतो. दुपारी तोच बर्फ त्याच माणसाखाली सुटतो.